शिकागोत घरासमोरचा स्नो कोण काढतं? आणि शेजाऱ्यांचाही काढावा का?

तुम्ही विचारलंय की भाड्याच्या घरासमोरचा फुटपाथ शहराचे लोक साफ करतात की आपण, आणि शेजारी एक वयस्कर बाई एकट्या राहतात तर त्यांचा काढला तर चालेल का. मी बरीच वर्षं शिकागोत राहतेय म्हणून सांगते, फुटपाथ आपणच साफ करायचा. शहराचे प्लाऊ, म्हणजे स्नो ढकलणाऱ्या गाड्या, फक्त रस्त्यांसाठी, त्यातही आधी मोठे रस्ते आणि तळ्याकाठचा हमरस्ता लेक शोअर ड्राइव्ह, मग आपले आतले रस्ते, आणि घरांमागच्या गल्लीत, ॲलीत तर प्लाऊ घालतच नाहीत कारण ढकललेला सगळा स्नो लोकांच्या गॅरेजच्या दारात जाऊन बसेल. फुटपाथच्या नियमात मालकाबरोबर भाडेकरूही येतो, त्यामुळे लीज वाचा आणि घरमालकाला आत्ताच विचारून ठेवा. स्नो सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मध्ये पडला तर रात्री १० पर्यंत काढायचा, रात्रीत पडला तर सकाळी १० पर्यंत, आणि वाट ५ फूट रुंद हवी.

ही रुंदी बरेच जण मनावर घेत नाहीत, एका शोव्हलच्या (फावड्याच्या) मापाची चिंचोळी वाट काढतात आणि आत जातात, त्यातून व्हीलचेअर जात नाही, बाबागाडी जात नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोपरा, जिथे फुटपाथ उतरून रस्त्याला मिळतो तिथे प्लाऊ येऊन गुडघाभर ढीग लावून जातो, त्यात मीठ, चिखल, काळं पाणी, आणि रात्रीत ते असं गोठतं की सकाळी शोव्हल टण्णकन उडतं. कोपऱ्यावर घर असेल तर तो उतारही तुमच्याकडेच येतो. अख्ख्या ब्लॉकने फुटपाथ साफ केला आणि तो ढीग तसाच राहिला तर वॉकर घेऊन चालणारं माणूस शेवटी गाड्यांच्या रस्त्यावरूनच चालतं. म्हणून शेजाऱ्यांचा काढावा का याचं माझं उत्तर हो, नक्की काढा, आणि जमलं तर कोपऱ्यापर्यंत जा.

आपण काढला आणि कोणी घसरलं तर आपल्यावर केस होईल अशी भीती खूप जण घालतात. आपल्या इलिनॉय राज्यात त्यासाठीच कायदा आहे, राहत्या घरासमोरचा फुटपाथ साफ करणाऱ्याला त्याने मुद्दाम किंवा अगदी बेफिकिरीने काही केलं नसेल तर जबाबदार धरत नाहीत. शेजारच्या त्या बाईंना मात्र आधी विचारा, त्यांनी पैसे देऊन कोणी ठरवलेलं असू शकतं.

शिकागोत स्नो हा हलका विषय नाही हो, १९७९ च्या जानेवारीत मोठं वादळ आलं, शहर ठप्प झालं आणि पुढच्याच महिन्यात महापौर मायकल बिलँडिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, जेन बर्नकडून हरले. तो राग लोकांच्या अजून लक्षात आहे, पण सगळी धावपळ गाड्यांसाठी, चालणाऱ्याचं काय? फुटपाथही शहरानेच साफ करावेत अशी मोहीम इथे चालू आहे आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे, ज्याच्या अंगात ताकद नाही त्याने काय करायचं? तोपर्यंत ३११ ला, म्हणजे शहराच्या सेवांच्या नंबरला, फोन करून स्नो कॉर्प्स मागता येतं, ज्येष्ठ आणि अपंग लोकांना व्हॉलंटियर जोडून देतात, तुम्ही स्वतः नावही देऊ शकता.

कामाचं थोडं सांगते. स्नो ताजा असतानाच काढा, लोक तुडवून गेले की त्याचा घट्ट, निसरडा बर्फ होतो. उचलण्यापेक्षा ढकला. साधं मीठ उणे ९ सेल्सियसच्या खाली फारसं चालत नाही, तेव्हा वाळू टाका म्हणजे पाय तरी घसरणार नाही. काढलेला स्नो रस्त्यावर किंवा बसस्टॉपवर टाकायचा नाही. थंडीत जोर लावल्याने हार्ट अटॅक येतात, हे खरं आहे, छातीत दाटल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा आणि ९११ लावा. आणि समोर फायर हायड्रंट असेल तर तोही चारी बाजूंनी मोकळा करा, आग लागली की बंबवाल्यांना तो खणून शोधायला वेळ नसतो.