सगळीकडे ‘शकता’ लिहिलं तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय, एरर मेसेज आणि हेल्पची पानं मराठीत लिहिताना ‘शकता’, ‘पाहिजे’, ‘लागेल’ यांचा एवढा कीस कशाला काढायचा? मी महापेला एका कंपनीत हेच काम करते. माझं म्हणणं, काढाच.

मागे कळव्याला आईकडे गेले होते. ती फोनवर एक अर्ज भरत होती. पॅनच्या रकान्याखाली लिहिलं होतं, ‘आपण येथे पॅन क्रमांक देऊ शकता.’ आईने विचारलं, ‘देऊ शकता म्हणजे नाही दिला तरी चालेल ना?’ मराठी म्हणून तिचं बरोबरच होतं. रकाना रिकामा राहिला, शेवटच्या पानावर अर्ज अडला आणि सगळं पहिल्यापासून भरावं लागलं. ‘पॅन क्रमांक द्यावा लागेल’ एवढंच लिहायचं होतं हो!

‘शकत नाही’चा घोळ आणखी मोठा. ‘ही फाइल हटवली जाऊ शकत नाही’ म्हणजे काय? मला अधिकार नाही, फाइल दुसरीकडे उघडी आहे, की ती कधीच हटणार नाही? तिन्हींवर उपाय वेगळे. मी कारणच लिहिते: ‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. तिथे बंद केलीत की हटवता येईल.’ किंवा, ‘ही फाइल हटवायची परवानगी तुमच्या खात्याला नाही.’

मूळ मजकूर इंग्रजी असेल तर ‘शुड’ला जपा. इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ साली ‘आरएफसी २११९’ या दस्तऐवजात अशा इंग्रजी शब्दांचे अर्थ बांधून दिले. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम नीट तोलले असतील, तरच सोडायची गोष्ट. ‘मे’ म्हणजे खरोखर ऐच्छिक. मी त्यांना अनुक्रमे ‘करावं लागेल’, ‘करावं’ आणि ‘केलं तरी चालेल’ वापरते. ‘पाहिजे’ शक्यतो टाळते, कारण त्यात सक्ती, सल्ला आणि अंदाज तिन्ही मावतात. ‘आता सर्व्हर सुरू झाला पाहिजे’ वाचून माणूस स्वतः सर्व्हर सुरू करायला धावतो. सांगायचं असतं, ‘एव्हाना सर्व्हर सुरू झालेला असेल.’

पैशांच्या मेसेजला तर दहादा वाचा. पेमेंट मध्येच अडकलं आणि तुम्ही ‘आपण पुन्हा प्रयत्न करू शकता’ लिहिलंत, तर माणूस ते खुशाल करेल आणि त्याचे पैसे कदाचित दोनदा जातील. तिथे सरळ लिहा: ‘पेमेंट झालं की नाही, हे अजून कळलेलं नाही. बँक खात्यात पाहिल्याशिवाय पुन्हा पैसे भरू नका.’