सीलबंद सीडी आणि चार गाण्यांचा निकाल

प्रश्न: माझं वय ४१, पुण्यात नोकरी. मोठा भाऊ नाशिकला असतो. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचं वेड मला त्यानंच लावलं, कॅसेटच्या काळात. २००८ साली मुंबईत बीकेसीला त्यांचा शो झाला, तेव्हा तिकीट काढून तोच मला घेऊन गेला होता. २०२१ मध्ये त्यांचा नवीन अल्बम 'सेनजुत्सु' आला आणि आमचं बिनसलं. दादा म्हणतो, १९८८ नंतरचं हे त्यांचं सगळ्यात भारी काम. मी किचनमधल्या ब्लूटूथ स्पीकरवर चार गाणी ऐकली, तेवढी पुरे झाली. नुसतं लांबण. त्याच्या पोस्टखाली मी 'म्हाताऱ्यांनी आता घरी बसावं' असं लिहिलं. तेव्हापासून आईची औषधं सोडली तर आमच्यात बोलणं नाही. मध्यंतरी त्यानं कुरिअरनं त्या अल्बमची सीडी पाठवली. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. घरात प्लेअर नाही, त्यामुळे ती तशीच सीलबंद पडून आहे. जगभरच्या फॅन्समध्ये या अल्बमवरून दोन तट आहेत, म्हणजे मी काही एकटा नाही. बँडचं वय झालंय हे दादाला कसं पटवून देऊ?
– जुना फॅन, पुणे

उत्तर:

बँड, फॅन्स आणि दोन तट यावर तुम्ही भरभरून लिहिलंत. सीडीची गोष्ट मात्र जाता जाता उरकलीत. मला तिच्याबद्दलच बोलायचंय.

चारचौघांत अपमान केलेल्या धाकट्या भावाला दादानं सीडी पाठवली. दुकानातून आणली, पॅक केली, कुरिअरवाल्याकडे नेऊन दिली. चिठ्ठी लिहिली नाही, कारण लिहिली असती तर पहिलं वाक्य त्या 'म्हाताऱ्यां'वरच गेलं असतं. आणि तुम्ही मला कळवता की घरात प्लेअर नाही! जुना डीव्हीडी प्लेअर सीडी वाजवतो. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह दीड-दोन हजारांत मिळतो, लॅपटॉपला लावला की झालं. दहा-बारा वर्षं जुन्या बहुतेक गाड्यांच्या स्टिरिओत सीडीची फट असते. प्लेअरची सबब राहू द्या. सीडी उघडली असती तर ऐकावी लागली असती, आणि ऐकून आवडली असती तर फोन करावा लागला असता.

आता तुमच्या निकालाकडे येते. 'सेनजुत्सु'त दहा गाणी आहेत, एकूण ८१ मिनिटं ५३ सेकंद. एका सीडीत साधारण ८० मिनिटं मावतात, म्हणून डिस्क दोन: पहिलीवर सहा गाणी, सव्वाचाळीस मिनिटं, दुसरीवर चार, साडेएकेचाळीसच्या जरा वर. तुम्ही पहिली चार ऐकली असतील असं धरलं तर २९ मिनिटं झाली. म्हणजे दुसऱ्या डिस्कला तुमचा कानच लागलेला नाही, आणि फॅन्सचं खरं भांडण तिथेच आहे. शेवटची तिन्ही गाणी एकट्या स्टीव्ह हॅरिसनं, म्हणजे बँडच्या बासवादकानं, लिहिलेली: 'डेथ ऑफ द केल्ट्स' १०:२०, 'द पार्चमेंट' १२:३९, 'हेल ऑन अर्थ' ११:१९. पहिल्या डिस्कवरचं त्याचं 'लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड' (९:३१) धरलं तर या चार गाण्यांनीच अल्बमचा अर्ध्याहून जास्त वेळ खाल्लाय. सुरुवातीला हळू बास किंवा गिटार, मग दणका, मध्ये एकेकट्या गिटारच्या तुकड्यांची (सोलोंची) रांग, शेवटी पुन्हा हळू, हा हॅरिसचा साचा. ज्यांना तो पुरे झालाय ते म्हणतात, कात्री लावा. ज्यांना त्या लांबीतच मजा येते ते 'हेल ऑन अर्थ'साठी बाकी सगळं माफ करतात. 'द पार्चमेंट'वर मात्र एकमत होणं कठीण, आणि तिथे मी कात्रीवाल्यांच्या बाजूची. गिटारवादक अॅड्रियन स्मिथ आणि गायक ब्रूस डिकिन्सन यांनी मिळून लिहिलेल्या तीन गाण्यांची बेरीज साडेसतरा मिनिटांच्या आसपास जाते. आटोपशीर मेडन हवं असणारे त्यांवर खूश असतात.

दुसरी तक्रार आवाजाची. २००० सालापासून केव्हिन शर्ली त्यांचा निर्माता आहे, आणि त्याच्या मिक्समध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्यात, सगळं एकमेकांवर चढतं, गिटारच्या सुरावटीवर कीबोर्डचा थर बसतो, असं कित्येक जुने फॅन म्हणतात. ऐंशीच्या दशकातला निर्माता मार्टिन बर्च याच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाद्याला श्वास घ्यायला जागा होती. या तक्रारीत दम आहे. पण ती करायचा हक्क किचनमधल्या स्पीकरवाल्याला नाही. या बँडमध्ये १९९९पासून तीन गिटारवादक आहेत. डावी-उजवी बाजू एकाच छोट्या डब्यातून निघाली की तिघं मिळून एक भिंत होते. हॅरिसचा बास म्हणजे या गाण्यांचा घोडा. बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, आणि तळहाताएवढा स्पीकर शंभराच्या खाली जवळजवळ मुका असतो. उरते ती बोटांची टकटक. दहा मिनिटांचं गाणं बासशिवाय ऐकलंत तर ते लांबणच वाटणार. शिवाय तेव्हा फुकटच्या अॅपवर गाण्यांचा क्रम बऱ्याचदा आपल्या हातात नसायचा, आणि हा अल्बम क्रमानं चढत जाणारा आहे.

वयाचंही बोलूनच टाकू. हे रेकॉर्डिंग २०१९ मध्ये पॅरिसला झालं. ब्रूस तेव्हा साठीत होता आणि जिभेच्या मुळाशी झालेल्या कॅन्सरच्या उपचारांनंतरचा त्याचा हा पहिलाच स्टुडिओ अल्बम. वरच्या पट्टीत आवाज ताणलेला जाणवतो, हे दादालाही ऐकू येत असणार. ड्रमवरचा निको मॅकब्रेन सदुसष्टीच्या उंबरठ्यावर होता. वय झालंय हे सांगायला तुमची गरज कुणालाच नाही.

आणि तुम्ही या अल्बमची तुलना कशाशी करताय ते बघा. १ फेब्रुवारी २००८ला बीकेसीवर वाजलेली जवळजवळ सगळी गाणी ऐंशीच्या दशकातली होती. त्या दौऱ्याचा बेतच तो होता आणि त्याची सुरुवात मुंबईतूनच झाली. आठ-दहा वर्षांच्या कामातून निवडलेला माल तुम्ही एका रात्रीत ऐकलात, तोही दादाच्या शेजारी उभं राहून. कोणता नवा अल्बम त्याच्यापुढे टिकेल? १९८६ मध्ये 'समव्हेअर इन टाइम' या अल्बमवर गिटार-सिंथ (गिटारमधून सिंथेसायझरचे आवाज काढणारं यंत्र) वाजले तेव्हाही नाकं मुरडणारे होते. २०२३चा दौरा त्यांनी त्याच अल्बमभोवती बांधला, त्यातलं 'अलेक्झांडर द ग्रेट' ३७ वर्षांनी प्रथमच मंचावर वाजवलं, आणि त्याच यादीत 'सेनजुत्सु'ची पाच गाणी घातली.

तर आता ऐका. येत्या शनिवारी ती सीडी घेऊन नाशिकला जा. सील फोडू नका. एवढे दिवस ती तशीच पडून होती हे दादाला दिसू द्या; तेवढी शरम तुमच्या वाट्याला यायलाच हवी. दारातच त्या कमेंटबद्दल 'चुकलं माझं' म्हणा. 'पण' न लावता. मग त्याच्या हातात सीडी द्या आणि प्लास्टिक त्याला फाडू द्या.

ऐकायचं त्याच्या सिस्टीमवर. कॅसेटच्या काळातला माणूस आहे, काहीतरी जपून ठेवलेलं असणारच. स्पीकर दोन, मधलं अंतर सहा फूट, तुम्हीही दोन्ही स्पीकरपासून तेवढेच लांब, आणि स्पीकर भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढलेले. 'लाउडनेस'चं बटण बंद, बास-ट्रेबल मधोमध. मिक्स मुळात खालच्या-मधल्या पट्टीत गच्च आहे, त्यात बास वाढवलात की सगळा चिखल होतो. होम थिएटर असेल तर 'रॉक', 'हॉल' असले इफेक्ट काढून साध्या स्टिरिओवर ठेवा. आवाज पहिल्या गाण्याच्या भरात असतानाच ठरवा आणि पुन्हा हात लावू नका. दुसऱ्या डिस्कवर गाणी हळू सुरू होतात, माणूस तिथे व्हॉल्यूम वाढवतो आणि दीड-दोन मिनिटांनी घर हादरतं. मग रागानं कमी करतो, आणि उरलेलं गाणं बारीक आवाजात ऐकून 'दम नाही' म्हणतो. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर 'नो डिस्क' दाखवेल. घाबरू नका. बहुतेकदा लेन्सवर धूळ असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बड अलगद फिरवा, दहा मिनिटं वाळू द्या.

पहिली डिस्क संपली की चहा. तेव्हा अल्बमबद्दल एक अक्षर नाही. आईबद्दल बोला, औषधांच्या पलीकडचं. मग दुसरी डिस्क, सलग. फोन दुसऱ्या खोलीत. 'द पार्चमेंट'ला तुमची चुळबुळ सुरू होईल. होऊ द्या, बसून राहा.

'हेल ऑन अर्थ' संपल्यावर हवं तेवढं भांडा. मिक्सवर, कीबोर्डवर, हॅरिसच्या साच्यावर, कोणतं गाणं कापायला हवं होतं यावर. तरीही अल्बम आवडला नाही तर दादाला तोंडावर सांगा. पूर्ण ऐकून नावडला म्हणणाऱ्याशी वाद घालायला त्याला मजाच येईल. त्याला पटवून द्यायचं खूळ मात्र पुण्यातच ठेवून जा.

निघण्याआधी वहिनींना फोन करून विचारा, सीडी प्लेअर चालू आहे का. नसेल तर तो दीड हजारांचा ड्राइव्ह, लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायरला जोडायची लाल-पांढऱ्या पिनांची वायर बरोबर घ्या.