बोटांच्या बेचक्यातली खाज

नाशिक,
सोमवार, रात्र

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल तू पेढे घेऊन आलास, नोकरी कायम झाल्याचं सांगितलंस. काकूला आणि मला मनापासून आनंद झाला. पण चहा दिला तेव्हा तू कपाचा कान धरला नाहीस. दोन्ही तळव्यांत धरलास, बोटं मिटलेली ठेवलीस. काकूसमोर मी काही बोललो नाही. निघताना तुझा हात हातात घेतला तेव्हा दिसलं. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात कातडी लाल झालीये, वर पांढरट पापुद्रे धरलेत, आणि करंगळीच्या मुळाशी एक भेग आहे, तिच्यात तेलाची काळी रेघ बसलीये. तू म्हणालास, "काही नाही काका, नवीन मशीन आहे ना, सवय होईल."

याची सवय होत नाही, बाळा. हे एवढं एकच सांगायला बसलोय, बाकीचं त्याच्या मागोमाग येईल.

मी सातपूरच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनवर, लागलो तेव्हा मलाही जुन्या माणसांनी हेच सांगितलं होतं की कातडी निबर होते, मग काही होत नाही. त्यांनी वाईट हेतूने सांगितलं नव्हतं, त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलेलं. शिफ्ट सुटली की आम्ही रॉकेलमध्ये हात बुडवायचो, मग कपड्याच्या सोड्यात लाकडाचा भुसा कालवून घासायचो. हात लगेच स्वच्छ दिसायचे. रॉकेल तेल काढतं, पण त्याबरोबर कातडीचा स्वतःचा स्निग्धपणाही ओढून नेतं, आणि भुशाने वरचा थर खरवडला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच उघड्या कातडीवर पुन्हा कूलंट, म्हणजे धातू कापताना गार ठेवायला वर सोडतात ते पाणी. आपणच दार उघडं टाकत होतो.

तुझ्या व्हीएमसीत, म्हणजे त्या संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनमध्ये, जे पांढरं, दुधासारखं पाणी वाहतं ते निव्वळ तेल नसतं. पाण्यात तेल मिसळून राहावं म्हणून त्यात साबणासारखे पदार्थ असतात, गंज धरू नये म्हणून काही, आणि जंतू होऊ नयेत म्हणून औषध. ते अल्कधर्मी असतं, पीएच ९ च्या आसपास. आपली कातडी सौम्य आम्ल असते, ५ च्या आसपास. आठ तास हात त्यात ओले राहिले की कातडी आधी कोरडी पडते, मग लाल होते, मग फाटते. त्यात धातूचा बारीक कीस. डोळ्याला न दिसणारे ओरखडे काढतो आणि आतल्या रसायनाला वाट करून देतो. म्हणून सुरुवात बेचक्यात होते, कारण तिथे ओल साचते आणि पुसायला फडकं पोचत नाही.

नुसतं घट्ट कटिंग ऑइल असेल तर दुखणं वेगळं दिसतं. केसांच्या मुळाशी तेल आणि मळ बसून काळे ठिपके पडतात, मग पुळ्या, मग केसतोडे. दंडाच्या खाली, आणि मांडीवर. मांडीवर का, तर तेलाचं फडकं खिशात. मला हे झालंय. उजव्या मांडीवर दोन वर्षं केसतोडे येत राहिले आणि मी गूळ-आंब्याची उष्णता म्हणत राहिलो. फडकं खिशातून काढलं तेव्हा थांबले. फडकं खिशात ठेवायचं नाही, हे माझ्याकडून नियम म्हणून घे. मँचेस्टरच्या सूतगिरण्यांत मशीनच्या तेलाने ज्यांच्या विजारी भिजत त्या कामगारांना वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होत असे, हे तिथल्या डॉक्टरांनी १९२२ साली छापून ठेवलंय. तेव्हाची तेलं कच्ची होती, आजची शुद्ध केलेली असतात, तू घाबरू नकोस. पण तेलाने भिजलेली पँट अंगावर ठेवून घरी जेवायला बसू नकोस.

आता माझ्या हाताचं सांगतो. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

बेचक्यात तुझ्यासारखंच सुरू झालं. मेडिकलवाल्याला दाखवलं, त्याने गजकर्ण म्हणून ट्यूब दिली. चार दिवसांत खाज गेली. ट्यूब संपली की परत आली. असं तीन वर्षं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. कातडी कागदासारखी पातळ झाली, नखं खडबडीत झाली. पहिला डॉक्टर ज्याने मला विचारलं, "तुम्ही काम काय करता?", तो मला तीन वर्षांनी भेटला. त्याने दुसरा प्रश्न विचारला, "सुट्टीत बरं वाटतं का?" मी गावी दहा दिवस गेलो की हात साफ व्हायचे, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता.

त्याने पाठीवर पट्ट्या लावल्या. पॅच टेस्ट म्हणतात. दोन दिवस पट्ट्या तशाच, पाठ भिजवायची नाही, मग काढून पाहतात आणि एक-दोन दिवसांनी परत पाहतात. माझ्या पाठीवर एका जागी लाल फोड उठला. कूलंटमधल्या जंतुनाशक औषधाची ॲलर्जी. डॉक्टरांनी नीट समजावलं. रसायनाने कातडी नुसती जळते तोवर हात जपला की भरून येतो. पण कातडी जळत राहिली, फाटत राहिली, की आतलं शरीर त्या पदार्थाला शत्रू म्हणून ओळखायला शिकतं, आणि एकदा शिकलं की सहसा विसरत नाही. मग थेंबभरही चालत नाही. मला लेथ सोडावी लागली. मालकाने तपासणी विभागात घेतलं म्हणून नोकरी राहिली, पण हातातलं काम गेलं. आजही घराला रंग दिला की माझी बोटं खाजतात, कारण तसलीच औषधं पाण्याच्या रंगात आणि काही शाम्पूंत असतात.

तू अजून पहिल्या पायरीवर असशील, असं मला तुझा हात पाहून वाटतं. म्हणून घाई करतोय.

उद्यापासून रॉकेल, थिनर, पेट्रोल बंद. साधा साबण, कोमट पाणी, आणि बेचके कोरडे करणं. शिफ्टच्या मध्येही हात धू, शेवटी एकदाच नको. अंगठी काढून ठेव. रात्री झोपताना व्हॅसलीन जाडसर लाव. नाशिकची थंडी आता सुरू होईल, निफाडकडून वारा आला की साधे हातसुद्धा तडकतात. एअर गनच्या हवेने जॉबवरचा, म्हणजे कापायच्या तुकड्यावरचा, कीस उडवताना कूलंटचा फवारा हातावर, तोंडावर येतो, तोंड बाजूला ठेव. एअर गन अंगावरचं तेल उडवायला कधीही नाही.

हातमोज्यांचं नीट ऐक. फिरत्या जॉबपाशी, ड्रिलपाशी, लेथवर हातमोजे घालायचे नाहीत. मोजा गुंडाळला की हात जातो. जॉब चढवताना-उतरवताना स्पिंडल (मशीनचा फिरता दांडा) बंद असताना, आणि कूलंटची टाकी साफ करताना नायट्राइलचे, म्हणजे रबरासारखे, घाल. सुती मोजे तेल शोषून कातडीला धरून ठेवतात, ते नसलेले बरे.

आणि टाकीकडे बघ. हे कुणी सांगत नाही, पण अर्धं दुखणं तिथे असतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि कूलंट घट्ट होतं. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे कूलंटची टक्केवारी मोजायचं यंत्र, नसेल तर सगळे मगाने अंदाजे ओततात. पाच-सहा टक्क्यांचं मिश्रण बारा टक्क्यांवर जातं आणि हात ते भोगतात. तुमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे का, विचार. रोज सकाळी एक थेंब पुरतो. भरताना आधी पाणी, मग तेल. मशीनच्या सरकपट्ट्यांचं (स्लाइडवेचं) वर तरंगणारं तेल काढून टाकायचं, नाहीतर खाली हवा लागत नाही आणि सुट्टीनंतर टाकी सडक्या अंड्यासारखी वास मारते. वास आला की कुणीतरी जंतुनाशकाची बाटली उलटी करतं. तसं कधीच करू देऊ नकोस. माझा हात त्याच औषधाने गेला.

सुपरवायझरला सांगायला तू कचरतोयस, हे मला कळतं. नुकताच कायम झालायस. पण खनिज तेलाने होणाऱ्या पुळ्या आणि त्वचेचा दाह कायद्याच्या नोंद करण्याजोग्या रोगांच्या यादीत नाव घेऊन लिहिलेला आहे. ती तुझी तक्रार नाही, कामाचा आजार आहे. तुझ्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का कापले जातात, ते याचसाठी. सुपरवायझरला एवढंच म्हण, "सर, कूलंटने हाताला भेगा पडल्यात, मला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचंय, आणि टाकीची टक्केवारी एकदा तपासून घेऊ या." आवाज चढवू नकोस, पण बोल. तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या पोराचे हातही बघ. बहुतेक तोही लपवत असेल.

सातपूरच्या ईएसआय दवाखान्यात मी तुझ्याबरोबर येतो. दुसरी शिफ्ट असेल त्या दिवशी सकाळी जाऊ. येताना कूलंटच्या ड्रमवरच्या लेबलचा फोटो काढून आण, सगळी अक्षरं दिसतील असा. घरी एखादी ट्यूब लावत असशील तर तीही आण, संपलेली असली तरी. डॉक्टरांना दोन्ही लागतील. आणि आजपासून त्या दिवसापर्यंत ती ट्यूब लावू नकोस.

काकू म्हणते, पुढच्या वेळी कपाचा कान नीट धरून चहा पी.

तुझा,
काका