दरीत उतरलेल्या फोनला वरच्या फोनची मदत?

प्रश्न : आम्ही साम्रदहून सांदण दरीत उतरलो. तोंडाशी थांबलेल्या मित्राच्या मोबाइलवर ठिकाण लगेच आलं. मी आत जाऊन जीपीएस सुरू केलं, तर पंधरा मिनिटं नुसता शोध चालू. फोन एकाच मॉडेलचे. एका फोनला दुसऱ्याची मदत करता येत नाही का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : तत्त्वतः नक्की येते. पॉलिटेक्निकात शिकवताना मी अँटेना खिडकीतून काढून जिन्याखाली न्यायचो, तेव्हा पडद्यावरच्या उपग्रहांच्या पट्ट्या एकेक करून बुटक्या होत. मुलं तेव्हा हेच विचारायची.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्यांचा सिग्नल मोकळ्या माळावरही रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा क्षीण असतो. तरी सापडतो, कारण उपग्रहाचा ठरावीक संकेत सेकंदाला हजार वेळा येतो आणि रिसीव्हर त्यांची बेरीज करत जातो. दरीत ही बेरीज जास्त वेळ करावी लागते. अडचण अशी, की त्याच संकेतावर सेकंदाला ५० बिटांचा संदेशही असतो; उपग्रहाच्या कक्षेची माहिती त्यातच असते. बिट बदलला की चिन्ह उलटतं, आणि अधिक-उणे होऊन केलेली बेरीज पुसली जाते.

इथे वरचा मित्र हवा. त्याला संदेश स्वच्छ वाचता येतो. त्याने ते बिट रेडिओने खाली कळवले, तर तुमचा रिसीव्हर चिन्हं सुलटी करून बराच वेळ बेरीज करू शकतो. उपग्रहाच्या कक्षेची माहितीही आयती मिळते. ती स्वतः वाचायला सुमारे ३० सेकंद अखंड सिग्नल लागतो, आणि दरीत तो तुटत राहतो. शहरात मदतीचा हा भाग मोबाइलचं नेटवर्क करतं. तुमच्या फोनला तिथे रेंज नसेल, तर सगळं एकट्यानेच वाचायचं होतं.

याहून सुंदर मला दुसरी युक्ती वाटते. ठिकाणाच्या तीन आणि फोनच्या घड्याळाची चूक ही एक, अशा चार अज्ञात गोष्टी असतात; एक उपग्रह एक समीकरण देतो, म्हणून एरवी चार उपग्रह लागतात. आकाशाच्या पट्टीत दोनच उपग्रह दिसले, पण जागा पक्की असलेल्या दोन मित्रांपर्यंतचं अंतर रेडिओलहरींच्या जाण्यायेण्यावरून मोजलं, तरी चार समीकरणं जमतात. मित्रच उपग्रहांच्या जागी उभे राहतात! मात्र कातळावर आपटून आलेला सिग्नल अंतर चुकवतो, त्यावर सोबत्यांकडेही पुरता इलाज नाही.

आपले साधे फोन आपसात अजून असं करत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी उतरण्याआधी उघड्यावर दोन-तीन मिनिटं जीपीएस चालू ठेवा. तेव्हा वाचलेली कक्षा साधारण चार तास चालते. नकाशा घरूनच उतरवून न्या.