प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, म्हणजे देव दूर गेला का?

"ताई, प्रार्थनेला बसते, पण समोर कोणी आहे असं वाटतच नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतं."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की, पहिल्या तीन शब्दांनंतर पुढचं ओळखता येतं. सांगणाऱ्यांत गायनमंडळात पुढे उभे राहणारे असतात, संडे स्कूल शिकवणारे असतात, पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, घरातलेही असतात. आवाज मात्र प्रत्येकाचा खाली आलेला. जणू गुन्हा कबूल करत आहेत.

इथे जी बाई भेटेल ती कोणी एक नाही, अशा कित्येकींच्या बोलण्यातून ती उभी केली आहे. धरून चाला की ती मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली. पाळ्या बदलत्या: मॉर्निंग 8 ते 2, इव्हिनिंग 2 ते 8, आणि आठवडाभर नाइट.

पहिल्या भेटीत मी विचारलं, "रोज काय काय करता?" त्यांनी यादीच दिली. पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना, कारण आई तसं करायची. वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र (बायबल) वाचायचं, म्हणजे 66 पुस्तकं, 1189 अध्याय, दिवसाला तीन-चार. लेवीयाच्या पुस्तकापर्यंत येता येता त्या तेवीस दिवस मागे पडल्या होत्या. मग आजचे चार आणि मागचे सत्तरेक, असा हिशेब उशाशी घेऊन झोपायचं. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "विश्वास कमी पडतोय."

या वाक्याने किती जणांना माझ्या खोलीपर्यंत आणलं आहे! पाळक हे वाचत असतील तर कृपया ते वापरणं थांबवा.

मी विचारलं, "सलग सात तास झोप शेवटची कधी लागली?"

त्या हसल्या. मग बोटं मोजू लागल्या आणि मधेच थांबल्या.

एलीया या संदेष्ट्याची गोष्ट आपण होरेब डोंगरावरच्या देवाच्या मंद वाणीपासून सांगतो, आणि तिथेच चुकतो. 1 राजे, अध्याय 19 सुरुवातीपासून वाचा. संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो आहे. देवदूत त्याला काय सांगतो? उपदेश नाही, दटावणं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाणी आणि "ऊठ, खा". तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला देतो. मग चाळीस दिवसांची चाल, आणि त्यानंतर ती वाणी. क्रम भाकर, झोप, भाकर, असा आहे. नाइट करून आलेल्या बाईने झोप मोडून पाचचा गजर लावणं म्हणजे हा क्रम उलटा करणं. पहाट ही आईची वेळ होती. आईला नाइट ड्यूटी नव्हती.

गजर बंद झाला. वर्षभराची योजनाही बाजूला ठेवली. त्यांना हलकं वाटलं, पण भिंत हलली नव्हती.

ती हलली तिसऱ्या भेटीत. मी म्हटलं, "इथे प्रार्थना करा, नेहमी करता तशी." त्यांनी डोळे मिटले आणि सराईतपणे सुरुवात केली, "हे दयाघन स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी येतो, आम्ही तुझे आभार मानतो..."

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं. "खोलीत तर तुम्ही एकट्याच बोलताय."

त्यांनी डोळे उघडले. "सवय आहे, ताई. सगळे असंच म्हणतात."

"सभेत म्हणतात. 'मी' म्हणून बघा."

बराच वेळ काही नाही. पंख्याचा आवाज तेवढा. मी घाईने काही बोलले नाही. अशा वेळी बोलणारा समुपदेशक सगळं घालवतो. मग त्या म्हणाल्या, "प्रभू, मी दमलेय." पुन्हा शांतता. "आणि मी तुझ्यावर रागावलेय. आईच्या वेळी तू आला नाहीस."

आणि त्या रडल्या, मन भरून.

थोड्या वेळाने घाबरून म्हणाल्या, "हे असं बोललेलं चालतं?"

पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 काढून दिलं. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. मग 88वं दाखवलं. त्याचा शेवट आशेवर होत नाही, मूळ हिब्रूत तर शेवटचा शब्दच अंधाराचा आहे. 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश अशा गाऱ्हाण्यांची. ती कोणी फाडून टाकली नाहीत, हजारो वर्षं उपासनेत म्हटली जात आहेत.

मला जे दिसलं ते असं. "आम्ही"च्या मागे राग सुरक्षित लपतो. भिंत देवाने उभी केलेली नसते. आपण सभेची भाषा घरी आणतो आणि ज्या गोष्टीबद्दल खरं बोलायचं तीच वगळतो. मग समोरचा गप्प वाटतो. नवरा-बायकोतही हेच होतं. आपल्याकडे तर या जवळिकीला शब्दांची वाण नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली मानलं. आणि माउलीशी कोणी "आम्ही आभार मानतो" असं बोलत नाही.

दुसरी गोष्ट वचनाची. "मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे," हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं अखेरचं वाक्य आपण "सदैव" असं ऐकतो. मराठी शास्त्रात शब्द आहेत "सर्व दिवस", मूळ ग्रीकमध्येही तेच. सर्व दिवस म्हणजे सोमवारही, नाइटही, सुट्टी नाकारली तो दिवसही. तिथे "तुम्हाला जाणवेन" असं म्हटलेलं नाही. अम्माऊसच्या अकरा-बारा किलोमीटरच्या वाटेवर दोघे शिष्य पुन्हा उठलेल्या येशूसोबत चालले आणि ओळखलं भाकर मोडताना. "वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत उकळत नव्हतं का?" हे त्यांना नंतर सुचलं. सोबत आधी असते, ओळख मागाहून पटते. म्हणून मी कधीच भावनेपासून सुरुवात करत नाही. आधी कृती, भावनेला यायचं तेव्हा ती येईल.

त्यांना दिलेलं काम अगदी लहान होतं.

प्रार्थना नव्या वेळेला नाही, आधीच होणाऱ्या एका कामाला बांधायची. त्यांच्यासाठी मी हात धुणं निवडलं. साबण-पाण्याने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, हे जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तेवढ्यात येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणून होते. घाई असेल तर एका श्वासात मावणारं एकच वाक्य: "प्रभू, तू इथे आहेस." त्या कबूल झाल्या, "खरं सांगू? दहा सेकंदांत उरकते मी." हरकत नाही म्हटलं, दहा तर दहा.

इथे बहुतेकांचं काय चुकतं? उत्साहात सहा खुंट्या निवडतात: जिना, लिफ्ट, सिग्नल, चहा, सगळंच. चौथ्या दिवशी एकही लक्षात राहत नाही. पहिले तीन आठवडे एक, फार तर दोन. खुंटी दिवसातून अनेकदा येणारी हवी आणि तिथे हात गुंतलेले हवेत, नाहीतर फोन आत शिरतो. आणि कधी यांत्रिक झालं तर होऊ द्या. आई लेकराला रोज "जेवलास का?" विचारते, तेही यांत्रिकच असतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठातले ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात भांड्यांच्या खडखडाटात हेच करत होते.

दुसरं, ड्यूटी संपल्यावर पाच मिनिटं मागे वळून पाहणं. नाइट असेल तर सकाळी साडेआठला, चहा उकळेपर्यंत, ओट्याशी उभं राहून. अंथरुणात नको, झोप लागते. आधी एक आभार, नेमका: "देव चांगला आहे" नव्हे, तर "शीर सापडत नव्हती, दुसऱ्यांदा सापडली". मग, आज मी त्याच्यापासून कुठे पळाले? शेवटी उद्याची एक कृती, तीही पलंगाच्या नंबरासकट. "सगळ्यांवर प्रेम करीन" हे कधी होत नाही. "सहा नंबरच्या आजींच्या शेजारी दोन मिनिटं बसेन" हे होतं. आभाराचा क्रम चुकला की ही पाच मिनिटं पापांची वही बनते, आणि आठवड्यात सुटते.

वाचन फक्त मार्काच्या शुभवर्तमानाचं. 16 अध्याय, दिवसाला दहा-बारा वचनं, मोठ्याने. दोन महिन्यांत होतं. दिवस चुकला तर खूण आहे तिथून पुढे, मागचं भरून काढायचं नाही. रानातला मान्ना, म्हणजे देवाने इस्राएलांना पुरवलेलं अन्न, तोही माणशी एक ओमेर, सुमारे दोन लिटर, रोजचा रोज. सकाळसाठी साठवला त्याला किडे पडले. "रोजची भाकर" मागायची, थकबाकी नाही.

रविवारी ड्यूटी असेल तर मंडळीतल्या एकीला आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं फोन. एकटीने हे फार काळ टिकत नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगते. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस उरला नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो. औषध घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. एलीयाने ती भाकर नाकारली नाही.

या बाई सातव्या भेटीला आल्या तेव्हा मीच विचारलं, "भिंत कशी आहे?"

"कधी असते, कधी नसते. हल्ली भांडते त्याच्याशी." मग हसू दाबत म्हणाल्या, "आणि इन्फेक्शन कंट्रोलवाल्या सिस्टर परवा घड्याळ लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, अख्ख्या वॉर्डात हात तू एकटीच पूर्ण वेळ धुतेस."