मॅपमधले आकडे गेले कुठे?

प्रश्न: पायथनमध्ये एका फाइलच्या प्रत्येक ओळीवर तेच फंक्शन चालवणारा मॅप लावून मी आकडे काढले. सम, म्हणजे बेरीज, बरोबर आली. पुढच्याच ओळीत त्याच व्हेरिएबलवर मॅक्स लावला, तर आत काहीच नसल्याची एरर आली. मधे मी काहीही बदललेलं नाही. आकडे गेले कुठे?

उत्तर: ते समने संपवले. तुमच्या व्हेरिएबलमध्ये आकडे साठलेले नव्हतेच, तिथे इटरेटर होता. नेक्स्ट म्हटलं की तो पुढचा आकडा काढून देतो आणि संपले की स्टॉपइटरेशन, म्हणजे ‘आता काही उरलं नाही’ हा इशारा, देतो. मागे जाण्याची सोय त्याच्यात नाही.

मग लिस्टवर कितीही वेळा लूप कसा चालतो? फॉर लूप सुरुवातीला इटर हे फंक्शन बोलावतो. लिस्ट दर वेळी नवा इटरेटर काढून देते, इटरेटर मात्र स्वतःलाच परत करतो, संपलेला असला तरी. रेंज या बाबतीत लिस्टसारखा आहे, तो पुन्हा पुन्हा फिरवता येतो. पायथन २ मध्ये मॅपही लिस्टच द्यायचा. २००८ साली आलेल्या ३.० पासून मॅप, फिल्टर आणि झिप इटरेटर देऊ लागले, त्यामुळे जुने धडे वाचून शिकणारे इथे हमखास अडकतात.

तुम्हाला एरर आली हे बरंच झालं. मॅक्सऐवजी पुन्हा सम लावली असती, तर निमूटपणे ० आलं असतं आणि तो शून्य पुढच्या हिशेबात मिसळला असता. मला खरी धास्ती या शून्याची वाटते. ‘इन’ लावून एखादा आकडा शोधलात, तरी तो सापडेपर्यंतचे सगळे खर्च होतात.

आकडे काही हजार असतील तर सरळ लिस्ट करून ठेवा. पण सवय म्हणून प्रत्येक मॅपभोवती लिस्ट लावू नका. फाइल काही जीबींची असेल तर सगळं मेमरीत येईल, आणि ते टाळण्यासाठीच तर इटरेटर आहे. तिथे एकाच लूपमध्ये बेरीज आणि कमाल दोन्ही काढा. एका इटरेटरचे दोन करून देणारा, इटरटूल्स मॉड्यूलमधला टी इथे कामाचा नाही: आधी पूर्ण सम, मग मॅक्स असं केलंत तर तो सगळे आकडे साठवूनच ठेवतो, त्यापेक्षा लिस्ट बरी. दोन फेऱ्या हव्यातच आणि मेमरीही वाचवायची असेल, तर फाइल उघडून यील्डने, म्हणजे न साठवता एकेक करून, आकडे देणारं छोटं फंक्शन लिहा आणि प्रत्येक फेरीला ते नव्याने बोलवा.