बोर्डावर 'जेन ४' छापलंय, मग एसएसडी निम्म्यावर का?

एसएसडी परत करायला धावू नका. बी५५० मदरबोर्ड, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, आणि सेकंदाला ७००० एमबीचा दावा करणारी जेन ४ एसएसडी (डेटा साठवायची ड्राइव्ह) साडेतीन हजारांवर अडकते, असं तुम्ही लिहिलंय. बदलून आणलीत तरी आकडा तोच येईल, कारण ५६००जीमध्ये पीसीआयई ३.०च, म्हणजे जेन ३च आहे; एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड ज्या वाटेने प्रोसेसरशी बोलतात ती पीसीआयई. बी५५० वरचा पहिला एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडी बसते ती खाच, थेट प्रोसेसरला जोडलेला असतो; बोर्डावरची चिपसेट ही चिप वाटेत येतच नाही. खोक्यावरचं 'जेन ४' म्हणजे बोर्ड तेवढं पेलू शकतो, इतकंच.

पूर्वी असं नव्हतं, बरंच काही बोर्ड ठरवायचा. रॅम चालवणारा कंट्रोलर बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये, म्हणजे चिपसेटच्याच एका भागात असायचा. पेंटियम ४ च्या काळात चिपसेट बदलला की रॅमची जात बदलायची: एकावर एसडीरॅम, दुसऱ्यावर आरडीरॅम, तिसऱ्यावर डीडीआर. एएमडीने २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये हा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात घेतला, इंटेलने २००८ च्या पहिल्या कोअर आय७ मध्ये. मागोमाग ग्राफिक्स कार्डाच्या लेनही (पीसीआयईच्या मार्गिका) आत गेल्या. म्हणून आता रॅम कुठली आणि लेन किती, हे बोर्ड घ्यायच्या आधीच ठरलेलं असतं. इंटेलच्या बाराव्या पिढीचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही बोर्ड मिळतात, तेही प्रोसेसरला दोन्ही चालतात म्हणूनच.

आता तुमचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर ५६००जी राहू द्या. विंडोज सुरू होताना किंवा गेम उघडताना जेन ३ आणि ४ मधला फरक जाणवणारही नाही. कार्ड घेणार असाल तर मात्र आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं कार्ड टाळा, जेन ३ वर त्याचा जीव गुदमरतो. नाहीतर साधा ५६०० घ्या: जेन ४ मिळेल, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ ऐवजी ३२ एमबी. पण त्यात ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीन काळीच.

बदलायचा झाला तर एक सांभाळा. तुमच्या बोर्डाचं सॉकेट एएम४, त्यात पिना प्रोसेसरला असतात, आणि प्रोसेसर-कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट सुकली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो. मी घाईत ओढला आणि दोन पिना वाकवल्या; शिसं काढलेल्या क्लिकच्या पेन्सिलीच्या धातूच्या टोकाने सरळ करताना हात थरथरत होते. आधी दहा मिनिटं काहीतरी जड चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.